जोसाया वेजवुड : हिशोब मांडणारा कुंभार



सहावीला नफा-तोटा शिकवताना आपण सगळे साधारण एकाच पद्धतीने जातो. फळ्यावर खरेदी किंमत लिहायची, विक्री किंमत लिहायची आणि मुलांना वजाबाकी करायला लावायची. फार तर हमाली आणि वाहतूक खरेदीत मिळवायची. मुलं पटापट गणितं सोडवतात, आपल्यालाही बरं वाटतं. पण एक प्रश्न या सगळ्यात राहूनच जातो. जो माणूस वस्तू विकत आणत नाही, स्वतः घडवतो, त्याची खरेदी किंमत काय? माती आणली, लाकूड किंवा कोळसा जाळला, चार माणसं राबली, दहा मडकी तडकली, उरलेली विकली. आता एका मडक्याला किती खर्च आला ते सांगा बघू!

हा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका कुंभाराला पडला होता, आणि तो अशा वेळी पडला की उत्तर नीट सापडलं नसतं तर कारखान्याला टाळं लागायची भीती होती. त्यांचं नाव जोसाया वेजवुड. मोठ्या दुकानात चिनी मातीच्या महागड्या कपबश्या पाहिल्या असतील तर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आपल्या पुस्तकांत औद्योगिक क्रांती म्हटलं की जेम्स वॅट आणि त्यांचं वाफेचं इंजिन येतं. वेजवुड मात्र येत नाहीत. मला वाटतं ते यायला हवेत, आणि तेही इतिहासाच्या आधी गणिताच्या तासाला.

जोसायाचा जन्म १७३० साली स्टॅफर्डशायर परगण्यातल्या बर्सलेम या गावी झाला. घराणंच कुंभारांचं. आजा, पणजा सगळे मातीत हात घातलेले. भावंडांचा मोठा गोतावळा आणि त्यात जोसाया शेंडेफळ. १७३९ मध्ये वडील वारले तेव्हा तो नऊ वर्षांचाही झाला नव्हता. कारखाना थोरल्या भावाकडे, थॉमसकडे गेला. जोसायाच्या नावाने वडिलांनी वीस पौंड लिहून ठेवले होते, पण ते हातात यायला पुढे किती तरी वर्षं लागली. शाळा सुटली आणि पोरगा भावाच्या कारखान्यात कामाला लागला.

साधारण अकराव्या वर्षी त्याला देवी आल्या. देवी येणं तेव्हा साधी गोष्ट नव्हती, माणसं मरत. जोसाया वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. आता बघा, त्या वेळचं कुंभाराचं चाक पायाने फिरवायचं असे. ज्याचा पायच चालत नाही त्याने कुंभार कसं व्हायचं? १७४४ साली भावाकडे रीतसर उमेदवारी सुरू झाली खरी, पण चाकावर फार वेळ बसणं त्याला जमेना. मग तो साचे, नक्षी, मातीची मिश्रणं आणि झिलई यांच्याकडे वळला. दुखण्याने बिछान्यावर पडून राहावं लागलं की हाताला लागेल ते वाचायचा. वर्गात बसवता न येणाऱ्या मुलाचं काय होणार, असा घोर ज्या पालकांना लागतो, त्यांनी एवढा भाग जरा सावकाश वाचावा. पुढचं सगळं शिक्षण त्याचं त्यानेच केलेलं आहे.

उमेदवारी संपल्यावर भावाने काही त्याला भागीदार करून घेतलं नाही. १७५४ मध्ये थॉमस व्हील्डन या नावाजलेल्या कुंभाराने घेतलं. तिथे वेजवुड यांना प्रयोग करायची मोकळीक मिळाली आणि त्यांनी एक सवय लावून घेतली, ती जन्मभर सुटली नाही. प्रत्येक प्रयोगाला क्रमांक द्यायचा. कोणती माती किती, झिलईत काय घातलं, भट्टीत कुठे ठेवलं, काय झालं, सगळं वहीत टिपायचं, तेही सांकेतिक खुणांत, कुणी चोरू नये म्हणून. फसलेला प्रयोगसुद्धा नोंदवायचा. असे हजारो नमुने आणि नोंदी आजही जपून ठेवलेल्या आहेत.

१७५९ मध्ये त्यांनी बर्सलेमलाच स्वतःचा कारखाना सुरू केला. १७६४ मध्ये सारा वेजवुड यांच्याशी लग्न झालं. सारा नात्यातल्याच. त्यांचे वडील चीजचे मोठे व्यापारी. लेकीचं लग्न एका लंगड्या, धडपड्या कुंभाराशी लावायला ते सहजी तयार नव्हते. वकील बसले, देण्याघेण्याची घासाघीस झाली आणि मग लग्न ठरलं. सारा यांनी पुढे नवऱ्याच्या प्रयोगांत मदत केली. कुठला आकार घरात वापरायला सोयीचा, कुठली नक्षी गिऱ्हाईकाला आवडेल, याबद्दल वेजवुड त्यांचं मत विचारत.

१७६५ साली राणी शार्लट यांच्यासाठी चहाचा संच करायची मागणी आली. वेजवुड यांनी मलईच्या रंगाची, पातळ आणि गुळगुळीत भांडी करायचं तंत्र तोवर पक्कं केलं होतं. राणीला संच आवडला. वेजवुड यांनी त्या भांड्यांना राणीच्या नावावरून क्वीन्सवेअर म्हणायची परवानगी मिळवली आणि मग काय, दरबारातल्या प्रत्येकाला तीच भांडी हवीशी झाली. जाहिरात म्हणजे काय हे या माणसाला शिकवावं लागलं नाही.

याच काळात त्यांना थॉमस बेंटली भेटले. बेंटली लिव्हरपूलचे व्यापारी, शिकलेले, भाषा जाणणारे, मोठ्या लोकांत ऊठबस असलेले. १७६२ मध्ये प्रवासात वेजवुड यांचा गुडघा पुन्हा दुखावला आणि ते लिव्हरपूलला अडकून पडले. तिथल्या डॉक्टरांनी ओळख करून दिली. पुढे दोघे भागीदार झाले. बेंटली लंडनचं दुकान सांभाळायचे, वेजवुड कारखाना. दोघांत सतत पत्रं चालत. बेंटलींनी लिहिलेली बहुतेक पत्रं हरवली, पण वेजवुड यांनी लिहिलेली मोठ्या संख्येने टिकली. आपल्याला हिशोबाची गोष्ट कळते ती त्या पत्रांतूनच.

त्याआधी पायाचं सांगतो. १७६८ च्या मे महिन्यात वेजवुड यांनी तो दुखरा पाय कापून टाकायचं ठरवलं. भूल द्यायचं शास्त्र तेव्हा नव्हतं, थोडी अफू दिली जाई एवढंच. शस्त्रक्रिया घरीच झाली आणि ते खुर्चीत बसून शुद्धीवर होते. पुढे आयुष्यभर लाकडी पाय. कारखान्यात एखादं भांडं मनासारखं नसलं की ते लाकडी पायाने फोडून टाकत, अशी आख्यायिका सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत ते पुन्हा पत्रव्यवहाराला आणि कामाला लागले, हे खरं आहे.

कारण कामं पुष्कळ अंगावर घेतली होती. एक म्हणजे कालवा. बर्सलेमचे रस्ते म्हणजे खड्डे आणि चिखल. पांढरी माती दूर डेव्हनहून समुद्रमार्गे लिव्हरपूलकडे यायची आणि तिथून पुढे घोड्यांच्या पाठीवरून. तयार भांडीही तशीच जायची. वाटेत किती फुटतील याचा नेम नाही. भाडं आणि फूट मिळून नफ्याचा लचका तोडत होते. म्हणून वेजवुड यांनी ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडणाऱ्या सुमारे १५० किलोमीटरच्या कालव्यासाठी आटापिटा केला. १७६६ मध्ये संसदेत कायदा झाला, पहिली कुदळ त्यांनीच मारली आणि कालव्याच्या कंपनीचे खजिनदारही तेच झाले. अभियंता होते जेम्स ब्रिंडली. कालवा पूर्ण व्हायला १७७७ उजाडलं. दुसरं काम म्हणजे नवा कारखाना. कालवा जिथून जाणार होता तिथेच जमीन घेऊन त्यांनी एट्रुरिया नावाचा कारखाना आणि कामगारांची वस्ती उभारली. १७६९ च्या जूनमध्ये तो सुरू झाला. त्या काळात इटलीत जमिनीखालून निघालेल्या प्राचीन फुलदाण्यांचं मोठं वेड होतं. त्या एट्रुस्कन लोकांनी केल्या असं समजत, म्हणून हे नाव. खरं तर त्यांतल्या बऱ्याचशा ग्रीक निघाल्या, पण नाव राहिलं!

फुलदाण्या खपत होत्या. सरदार, जमीनदार, त्यांच्या बायका दुकानात गर्दी करत होत्या. आणि तरीही, गंमत बघा, वेजवुड यांच्या हातात पैसा नव्हता. मागणी भरपूर, नाव मोठं, आणि तिजोरी रिकामी. जमीन, बांधकाम, कालवा यांत पैसा अडकलेला. शिवाय बड्या लोकांना उधारीवर माल द्यावा लागे आणि बडे लोक पैसे द्यायला महिनोन् महिने लावत. १७७१ च्या सुमाराला तर वेजवुड यांनी जर्मनीतल्या सुमारे हजार सरदार-घराण्यांना न मागता प्रत्येकी वीस पौंडांच्या भांड्यांची पेटी पाठवली. आवडलं तर पैसे पाठवा, नाही तर परत करा. हजार गुणिले वीस, किती होतात ते मुलांना काढू द्या. बहुतेकांनी पुढे पैसे दिले, पण तोवर एवढा माल परमुलखात पडून होता. मला हे धाडस कमी आणि उतावळेपणा जास्त वाटतो.

आणि मग १७७२ चा जून उजाडला. लंडनमधल्या एका पेढीचा भागीदार, अलेक्झांडर फोर्डाइस, सट्ट्यात बुडाला आणि पळून गेला. पेढी बसली. तिच्या मागोमाग स्कॉटलंडमधली एअर बँक गडगडली. कुणीच कुणाला पैसे देईना. चांगले चालणारे व्यापारीसुद्धा आज येणं आलं नाही म्हणून उद्याचं देणं देऊ शकेनात. इतिहास शिकवणाऱ्यांना सांगायला हवं की ईस्ट इंडिया कंपनीही याच तडाख्यात सापडली, तिला सरकारकडे हात पसरावे लागले, आणि १७७३ चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आला तो याच पार्श्वभूमीवर. पुस्तकात तो अचानक उगवल्यासारखा वाटतो, म्हणून सांगितलं.

एट्रुरियात काय परिस्थिती? गोदामात फुलदाण्या साचलेल्या. गिऱ्हाईक थंड. उधारी वसूल होत नाही. मजुरी मात्र द्यायलाच हवी. अशा वेळी सामान्य मालक काय करेल? भाव वाढवेल, नाही तर माणसं कमी करेल, नाही तर हातातला माल मिळेल त्या भावाला फुंकून टाकेल. यातलं काय करावं हे ठरवायला वेजवुड यांना एक माहिती हवी होती आणि तीच त्यांच्याकडे नव्हती. एक फुलदाणी करायला नेमका किती खर्च येतो?

जमाखर्च नव्हता असं नाही. कारकून होते, वह्या होत्या. पण त्या वह्या आले किती आणि गेले किती एवढंच सांगत. कोणत्या वस्तूवर किती गेले हे त्यांत कुठेच नव्हतं. भाव ठरायचे ते अंदाजाने, सवयीने आणि शेजारचा काय घेतो ते बघून.

इथे मी आपल्या शाळांतल्या आनंद बाजाराचं उदाहरण देते. मुलं घरून भेळ, भजी, लिंबू सरबत करून आणतात आणि संध्याकाळी गल्ला मोजतात. तीनशे रुपये निघाले की तीनशे रुपये नफा! मग विचारावं, तेल कुणाचं? गॅस कुणाचा? आई सकाळी पाचला उठली त्याचं काय? उरलेली भजी कुणी खाल्ली? मुलं आधी हसतात, मग गप्प होतात. एका मुलीने दुसऱ्या वर्षी आईची मजुरी तासावर धरून हिशोब आणला होता. वेजवुड यांच्याकडेही अशीच भजी होती, फक्त ती हजारो पौंडांची होती.

तर १७७२ च्या उन्हाळ्यात वेजवुड यांनी वह्या पुढ्यात ओढल्या आणि वस्तूवार हिशोब मांडायला बसले. माती, झिलई, इंधन, घडवणाऱ्याची मजुरी, साचे, नमुने करणाऱ्या कलावंताचं मानधन, पोरांची आणि वरकामाच्या माणसांची मजुरी, गोदामाची माणसं, कारकून, भाडं, फूट-तूट, किरकोळ खर्च, विक्रीचा खर्च. एकेक बाब घेऊन ती कोणत्या मालावर किती पडते ते त्यांनी मांडलं. सांगायला सोपं आहे, करून बघा. भट्टीत एका वेळी पन्नास प्रकारची भांडी असतात, तर कोळशाचा खर्च कुणाच्या माथी किती मारायचा? दिवसचे दिवस ते या आकड्यांशी झगडत होते आणि हिशोब जुळता जुळत नव्हता. वस्तूंवर पडलेला खर्च मिळवला तर तो प्रत्यक्ष झालेल्या खर्चाशी जुळेना. याचा अर्थ काही खर्च कुठे तरी लपून बसला होता.

यातून तीन गोष्टी हाती लागल्या.

पहिली. एकाच भावाने विकल्या जाणाऱ्या काही वस्तूंचा खर्च एकसारखा मुळीच नव्हता. काहींवर चांगला नफा होता, तर काहींवर नावालाच. वरून बघून हे कधी कळलं नसतं, कारण दोन्ही वस्तू तितक्याच दिमाखात खपत होत्या.

दुसरी गोष्ट ऐकून वेजवुड यांना धक्काच बसला असणार. हिशोब तपासता तपासता लक्षात आलं की मुख्य कारकुनानेच अफरातफर केली आहे आणि वसुलीकडेही दुर्लक्ष झालं आहे. मग एट्रुरियाचे विश्वासू कारकून पीटर स्विफ्ट यांना लंडनला पाठवलं गेलं, वह्या नीट लावल्या गेल्या आणि दर आठवड्याला हिशोब पाठवायची शिस्त आली. चोर पकडायला म्हणून कुणी हा हिशोब मांडला नव्हता. आकडे का जुळत नाहीत, हा प्रश्न न सोडल्यामुळे चोर सापडला.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि मुलांना समजावण्यासारखी. वेजवुड यांनी पाहिलं की काही खर्च माल करू तसे वाढतात, जसं की माती. पण काही खर्च घड्याळाच्या काट्यांसारखे चालूच राहतात, माल कमी करा की जास्त. भाडं थांबत नाही. गोदामातला माणूस, कारकून, वरकामाची पोरं, यांचा खर्च आठवड्याला दहा डझन फुलदाण्या केल्या काय आणि वीस डझन केल्या काय, जवळपास तेवढाच. म्हणजे दहा डझन केल्या तर तो प्रत्येक फुलदाणीवर दुप्पट पडतो. आज वाणिज्य शाखेची मुलं याला स्थिर खर्च आणि बदलता खर्च म्हणतात. व्यापारी बोलीत वरकड खर्च म्हणतात. तेव्हा यातला एकही शब्द शिकवणारं कुणी नव्हतं.

वर्गात घेण्यासाठी आकडे मी माझ्या सोयीने घेतलेत, ते वेजवुड यांचे नाहीत. समजा कारखान्याचा दर आठवड्याचा वरकड खर्च २,४०० रुपये. एका फुलदाणीची माती आणि मजुरी ५० रुपये.

आठवड्याला १० डझन, म्हणजे १२० फुलदाण्या केल्या तर वरकड खर्च एकीवर २० रुपये. एकूण ७० रुपये.

२० डझन, म्हणजे २४० केल्या तर वरकड खर्च एकीवर १० रुपये. एकूण ६० रुपये.

१२० फुलदाण्या ८० रुपयांना विकल्या तर नफा १,२०० रुपये. आता भाव उतरवून ७२ रुपये केला आणि २४० खपल्या, तर एकीवर १२ रुपये, म्हणजे नफा २,८८० रुपये. भाव कमी केला आणि नफा दुपटीहून जास्त झाला! मुलांचा यावर पटकन विश्वास बसत नाही. त्यांना पुन्हा करू द्या. आणि मग तिसरा प्रश्न विचाराच. २४० केल्या, पण खपल्या १५० च, तर? खर्च १४,४०० रुपये, गल्ल्यात १०,८०० रुपये. गोदामात ९० फुलदाण्या पडून आणि खिशातून ३,६०० रुपये गेलेले. म्हणजे जास्त माल करणं स्वस्त पडतं हे अर्धंच सत्य आहे. तो खपणार का, हे वहीत सापडत नाही. त्यासाठी माणसं ओळखावी लागतात.

वेजवुड यांनी ती ओळखली होती. त्यांच्याकडे तेव्हा शंभरावर आकारांच्या फुलदाण्यांचे साचे, मुठी, नक्षीचे तुकडे तयार होते. साच्यांचा पैसा खर्च होऊन गेलेला होता. नवनवे आकार काढत बसण्यापेक्षा हेच आकार मोठ्या संख्येने, रोजच्या ताटवाट्यांसारखे सरसकट करता येतील, असं त्यांनी बेंटलींना पटवलं. आणि विकायचे कुणाला? बड्या लोकांच्या वाड्यांत या फुलदाण्या पुरेशा मिरवून झाल्या होत्या. मधल्या वर्गाने, म्हणजे व्यापारी, वकील, डॉक्टर, सधन शेतकरी यांनी त्या पाहिल्या होत्या आणि मनातून हव्याशाही वाटत होत्या. अडचण फक्त भावाची. सुरुवातीला भाव मुद्दाम चढा ठेवणं गरजेचं होतं, नाही तर मान मिळाला नसता. आता मान मिळाला होता. म्हणून भाव उतरवून संख्या वाढवायची वेळ आली, असा निर्णय त्यांनी मंदीच्या ऐन भरात घेतला.

त्या मंदीत कितीतरी जणांची दिवाळी निघाली. वेजवुड तरले.

पुढच्याच वर्षी रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन यांची मागणी आली. साडेनऊशेहून अधिक भांड्यांचा संच, प्रत्येकावर ब्रिटनमधलं वेगळं निसर्गचित्र किंवा वाडा, आणि एक हिरवा बेडूक, कारण तो महाल बेडकांच्या पाणथळ जागी होता. चित्रं काढायचा खर्च किती येईल याची वेजवुड आणि बेंटली यांना धास्तीच होती आणि पत्रांतून अंदाज चालले होते. शेवटी सुमारे २,७०० पौंड मिळाले आणि नफा अगदीच थोडा उरला. मग घेतलंच कशाला हे काम? १७७४ मध्ये संच रशियाला पाठवण्याआधी त्यांनी तो लंडनच्या दुकानात मांडला आणि उमरावांना पाहायला बोलावलं. ज्याचा वाडा बशीवर आला तो येणारच, आणि ज्याचा नाही आला तोही येणार. हा खर्च फुलदाण्यांवर टाकायचा की जाहिरातीवर, हे आता त्यांना समजत होतं.

इथवर वाचून वेजवुड म्हणजे आदर्श पुरुष असं चित्र उभं राहील, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. एट्रुरियात कामाची वेळ घंटेवर चाले. उशीर झाला की दंड. पिढ्यान् पिढ्या आपल्या मर्जीने, सणवार बघून काम करणाऱ्या कुंभारांना हे जाचक वाटणारच. त्यांना चांगली घरं मिळाली, आजारपणासाठी निधी होता, हेही खरं. पण १७८३ मध्ये धान्य महागलं तेव्हा एट्रुरियाजवळ कालव्यात थांबलेल्या धान्याच्या होडीवर लोक तुटून पडले. सैनिक बोलवावे लागले आणि पुढे एकाला फाशी झाली. वेजवुड यांनी त्यानंतर तरुण कामगारांना उद्देशून एक पुस्तिका लिहिली. तिचा सूर असा की दंगलीने भलं होत नाही आणि तुमचे दिवस तुमच्या आजोबांच्या दिवसांपेक्षा कितीतरी बरे आहेत. दुसरा मुद्दा खोटा नव्हता. पण पाव महागला तर कामगाराच्या घरचा हिशोब कसा बसतो, ही वही त्यांनी तितक्या बारकाईने मांडली असं मला दिसत नाही.

एक खर्च मात्र त्यांनी हिशोबापलीकडे केला. १७८७ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळ उभी राहिली. वेजवुड यांनी बेड्या घातलेल्या, गुडघ्यावर बसलेल्या माणसाचं छोटं पदक तयार करवलं आणि ते फुकट वाटलं. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनाही पाठवलं. लोक ते केसांच्या पिनांत आणि तपकिरीच्या डब्यांवर बसवून मिरवू लागले. जी युक्ती फुलदाण्या विकायला वापरली तीच इथे कामाला आली.

बेंटली १७८० मध्ये गेले. त्यांच्यानंतर वेजवुड यांनी तशी पत्रं कुणाला लिहिली नाहीत. काम चालू राहिलं. भट्टीतली उष्णता मोजायचं साधन त्यांनी तयार केलं, मातीची वडी किती आकसते त्यावरून. त्याबद्दल १७८३ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. ३ जानेवारी १७९५ रोजी एट्रुरियातच त्यांचं निधन झालं. वीस पौंडांची वाट बघणारा मुलगा इंग्लंडमधल्या श्रीमंत उद्योजकांत गणला जात होता. त्यांची मुलगी सुझाना हिचा मुलगा म्हणजे चार्ल्स डार्विन. घरात पैशाची ददात नव्हती म्हणून डार्विन जन्मभर निवांत संशोधन करू शकले, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावं.

कंपनी मात्र कायमची वाचली नाही. २००९ मध्ये तिचा कारभार दिवाळखोरीत गेला. तिच्या निवृत्तिवेतन निधीत १३४ दशलक्ष पौंडांची तूट होती, आणि नियम असा की योजनेतल्या बाकी कंपन्या बुडाल्या तर उरलेल्याने सगळं देणं फेडायचं. उरलं होतं वेजवुड संग्रहालय, जिथले मोजके कर्मचारी त्या योजनेत होते. २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की देणं फेडायला संग्रह विकता येईल. शेवटी २०१४ मध्ये निधी उभारून १५.७५ दशलक्ष पौंडांना तो वाचवला गेला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचा आहे आणि स्टॅफर्डशायरमध्येच, बार्लास्टन इथे ठेवलेला आहे. प्रयोगांच्या वह्या, क्रमांक घातलेले मातीचे तुकडे आणि वेजवुड यांची पत्रं त्याच संग्रहात आहेत.